पोर्शे ९९६ चा क्लच घरच्या गॅरेजमध्ये बदलताना

पोर्शे ९११ च्या ९९६ पिढीत क्लच बदलायला इंजिन उतरवावं लागत नाही. घरी काम करणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे. हवेने थंड होणाऱ्या जुन्या ९११ मध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र खाली घेण्याचीच रीत आहे. ९९६ मध्ये इंजिन जागेवर राहतं आणि फक्त गिअरबॉक्स निघतो. पण इंजिन जागेवर राहतं म्हणजे आपोआप राहतं असं नाही. ते मागच्या बाजूला दोन माऊंटवर टांगलेलं असतं आणि त्याचा तिसरा आधार गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकाला असतो. गिअरबॉक्स काढला की इंजिनाचं पुढचं टोक अधांतरी होतं. हे ज्याच्या मनात पक्कं बसलं, त्याचं निम्मं काम सुखरूप झालं.

लेख आहे १९९७ ते २००५ या काळात बनलेल्या ९११ कॅरेराबद्दल: मागची चाकं चालवणारी, सहा गिअरची, मॅन्युअल. आधीच्या गाड्यांत ३.४ लिटरचं इंजिन होतं, २००२ च्या मॉडेलपासून ३.६ लिटरचं आलं. क्लचच्या कामाच्या दृष्टीने दोन्हींत फारसा फरक नाही. कॅरेरा ४ मध्ये पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टही आधी मोकळा करावा लागतो. टर्बो आणि जीटी३ यांची इंजिनं वेगळ्या घराण्यातली, त्यामुळे पुढे इंटरमिजिएट शाफ्टच्या (आयएमएस) बेअरिंगबद्दल जे लिहिलं आहे ते त्यांना लागू नाही.

अमेरिका, कॅनडा किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना ९११ घ्यायची हौस असते, आणि जुन्या बाजारात बरीच वर्षं सगळ्यांत परवडणारी ९११ म्हणजे ९९६ च होती. घराला जोडलेलं, सपाट काँक्रीटचं गॅरेज असेल, मदतीला एक विश्वासू माणूस असेल आणि रोजच्या धावपळीसाठी दुसरी गाडी असेल, तर हे काम घरी नक्की होतं. उताराचा ड्राइव्हवे, खडी किंवा डांबर यांपैकी काहीही असेल तर करू नका. उन्हात मऊ पडलेल्या डांबरात जॅक स्टँडचे पाय रुततात.

क्लचच गेलाय ना, हे आधी ठरवा

इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला, एक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झरकन वर गेला आणि गाडीचा वेग मात्र त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. या गाडीत आणखी एक खूण असते: क्लच झिजत जातो तसा पेडल जड होत जातो. मालकाला ते जाणवत नाही, कारण बदल हळूहळू होतो. दुसऱ्या कुणी गाडी चालवली की तो लगेच सांगतो. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबलं की क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगकडे) संशयाने पाहावं.

गिअर अडकत असतील, विशेषतः रिव्हर्स टाकताना खरखर होत असेल, तर मात्र लगेच गिअरबॉक्स उतरवायला धावू नका. क्लचचं हायड्रॉलिक ब्रेकच्याच टाकीतून फ्लुइड घेतं. तिथली पातळी पाहा, स्लेव्ह सिलिंडरभोवती (पेडलचा दाब गिअरबॉक्सपाशी क्लचकडे पोचवणाऱ्या सिलिंडरभोवती) ओल आहे का पाहा, एकदा हवा काढून पाहा. जी गाडी फ्लुइड बदलून सुधारते तिच्या क्लचला हात लावायचं कारण नाही.

सामान आधी, पाने नंतर

या कामात मेहनतीचा मोठा भाग गिअरबॉक्स काढण्यात आणि बसवण्यात जातो. क्लच स्वतः अर्ध्या तासात बदलून होतो. म्हणून माझं ठाम मत आहे की गिअरबॉक्स खाली असताना हाताला लागणारी प्रत्येक झिजणारी गोष्ट त्याच वेळी बदलावी. थोडे पैसे वाचवून जुनं रिलीज बेअरिंग परत बसवणं म्हणजे हेच सगळं काम पुन्हा करण्याची तयारी ठेवणं.

मागवायचं ते असं: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा पूर्ण संच, पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक धरणारं), क्रँकशाफ्टचं फ्लायव्हीलकडचं ऑइल सील (यालाच ‘मागचं सील’ म्हणतात), फ्लायव्हीलचे (क्लच ज्यावर बसतो त्या जड चाकाचे) नवे बोल्ट, रिलीज फोर्कच्या (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याच्या) टेकूची प्लास्टिकची वाटी, गिअरबॉक्सचं तेल आणि डॉट ४ ब्रेक फ्लुइड. फ्लायव्हीलचे बोल्ट एकदा ताणून आवळायचे असतात, ते परत वापरू नयेत. कॅरेराची क्लच प्लेट २४० मिलिमीटरची असते आणि मूळ रचनेत तिच्या मध्यभागी स्प्रिंगा नसतात, कारण धक्के शोषण्याचं काम दोन वजनांचं फ्लायव्हील करतं. संच मागवताना हे तपासा. मूळ फ्लायव्हीलसाठी साध्या मध्याची प्लेट, एकसंध हलक्या फ्लायव्हीलसाठी स्प्रिंगांची. यात अदलाबदल चालत नाही.

हत्यारांपैकी ज्यांच्यावाचून अडतं ती सांगतो. पट्ट्याने बांधता येईल असा गिअरबॉक्स जॅक, इंजिनासाठी दुसरा जॅक, चार दणकट जॅक स्टँड, लहान आणि मोठा असे दोन टॉर्क रेंच, अंश मोजायची तबकडी, बारा कोनांचे आणि ॲलनचे चांगल्या पोलादाचे बिट, टॉर्क्सचे बाहेरून बसणारे सॉकेट, हातभर लांबीची एक्स्टेन्शन, फ्लायव्हील अडवायचं कुलूप, क्लच मध्यात आणायचा दांडा आणि पायलट बेअरिंग ओढायचा पुलर. बिट स्वस्तातले घेऊ नका. स्वस्त बिट मोडतो तो नेमका सगळ्यांत अवघड जागेच्या बोल्टमध्ये.

न्यू जर्सी किंवा मिशिगनसारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या गाडीला आठवडाभर आधीपासून गंज सोडवणारं तेल मारत राहा. कॅलिफोर्नियातल्या गाडीचे बोल्ट सहज सुटतात, पण तिथेही बोल्टच्या खाचेत बसलेली घाण टोकदार दाभणाने साफ केल्याशिवाय बिट लावू नये.

गाडी उचलणं

बॅटरी पुढच्या डिकीत असते. तिची वायर सोडण्याआधी पुढची डिकी आणि इंजिनाचं झाकण दोन्ही उघडा आणि काम संपेपर्यंत उघडीच ठेवा. नंतरच्या ९९६ मध्ये ही कुलपं विजेवर उघडतात. बॅटरी सोडल्यावर डिकी बंद झाली तर ती उघडणं हा एक वेगळाच उद्योग होऊन बसतो. रेडिओचा कोड कागदावर लिहून ठेवा.

गाडी चारही कोपऱ्यांवर, शक्य तितकी समतल उचला. फक्त मागचा भाग उचलून काम करायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, आणि ती चाकं तर आता काढून ठेवलेली आहेत. तेव्हा गाडीला धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पुढच्या चाकांना लावलेले अडसर. मला ते पुरेसं वाटत नाही.

कंपनीने दिलेल्या चार जागांवरच जॅक लावा, मध्ये रबराचा पॅड घाला. ९११ चा सांगाडा ताठ असतो, त्यामुळे एका बाजूच्या मागच्या जागेवर उचललं की त्या बाजूचं पुढचं चाकही बरंच वर येतं. तेवढ्यात पुढचा स्टँड सरकवता येतो. थोडं इकडे, थोडं तिकडे असं टप्प्याटप्प्याने उचला. एकच बाजू एकदम उंच करू नका. उंची किती लागेल हे आधी मोजा: जॅकवर बसवलेला गिअरबॉक्स बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या कवचाच्या) उंचीसकट गाडीखालून बाहेर सरकला पाहिजे. काढताना ही अडचण कळली तर उघड्या इंजिनासकट गाडी आणखी वर घ्यावी लागेल, आणि ती वेळ येऊ देऊ नये.

स्टँडवर ठेवल्यावर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहा. ती हलली तर खाली घ्या आणि पुन्हा बसवा. काढलेली चाकं सांगाड्याखाली आडवी सरकवून ठेवा. गाडीखाली एकट्याने कधीच जाऊ नका.

खालून मोकळं करणं

आधी प्लास्टिकचे अंडरट्रे, मग आड येणारे कंस आणि पट्ट्या. एका मोठ्या पुठ्ठ्यावर गाडीचा ढोबळ आकार काढा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी भोसकून ठेवा. बेलहाउसिंगचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात.

गिअरबॉक्सचं तेल काढायचं असेल तर भरायची बूच आधी सोडून पाहा. खालची बूच उघडून तेल सोडलं आणि वरची बूच निघेचना, तर गाडी जागेवरच अडकली.

ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्सच्या बाजूच्या फ्लँजवरून सोडायचे, चाकाकडून नाही. शाफ्ट फिरू नये म्हणून हँडब्रेक ओढा, आवाक्यातले बोल्ट सोडा, ब्रेक सैल करून शाफ्ट फिरवा, पुन्हा ओढा. एका बाजूचे सगळे बोल्ट निघाले की शाफ्ट तारेने वर बांधून ठेवा, नुसता लोंबकळू देऊ नका. सांध्याचं रबरी बूट वाकून फाटतं. उघड्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधा, म्हणजे ग्रीसमध्ये कचरा जाणार नाही.

गिअर बदलायच्या दोन केबल गिअरबॉक्सवर गोळ्यांवर बसलेल्या असतात. रुंद पात्याने सरळ उचलल्या की निघतात. कोणती केबल कुठली, यासाठी मोबाइलवर फोटो काढाच. रिव्हर्सच्या दिव्याची वायर काढा. गिअरबॉक्सला आणखी कुठली वायर, नळी किंवा अर्थिंगची पट्टी धरून नाही ना, हे हात फिरवून तपासा.

स्लेव्ह सिलिंडर काढताना त्याची हायड्रॉलिक नळी सोडू नका. बोल्ट काढा, सिलिंडर अलगद मागे घ्या आणि बाजूला बांधून ठेवा. त्यानंतर क्लच पेडलला कुणाचाही पाय लागता कामा नये, नाहीतर पिस्टन बाहेर पडेल. पेडलवर कागद चिकटवून तसं लिहून ठेवा. घरात लहान मुलं असतील तर गाडीला कुलूप घाला.

इंजिनाला आधार, मग गिअरबॉक्स

आता दुसरा जॅक इंजिनाखाली. जॅक आणि इंजिन यांच्यामध्ये जाड लाकडी फळी घाला आणि तो भार क्रँककेसच्या जाड, मजबूत भागावर येईल असं पाहा. तळाशी असलेली तेलाची पातळ झाकणपट्टी भार घ्यायला बनवलेली नाही. जॅकने इंजिन उचलायचं नाही, फक्त त्याला टेकवायचं.

गिअरबॉक्स जॅक खाली लावून पट्ट्याने घट्ट आवळा. वजन एका माणसाने छातीवर झेलण्यापलीकडचं असतं. तसे व्हिडिओ दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. मग पुढच्या टोकाचा माऊंट सोडा. दोन्ही जॅक एकाच वेळी, एकाच मापाने थोडे खाली घ्या, म्हणजे वरच्या बाजूचे बोल्ट लांब एक्स्टेन्शनने गाठता येतात. खाली घेताना जोडीदाराने इंजिन कप्प्यात वाकून पाहत राहावं: हवेची नळी, पाण्याच्या नळ्या, वायरींचा झुपका, यांतलं काहीही ताणलं गेलं तर तिथेच थांबायचं. लागतं तेवढंच खाली घ्या.

बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट आधी, खालचे शेवटी. सगळे निघाल्यावर गिअरबॉक्स गाडीच्या पुढच्या दिशेने सरकतो, कारण ९११ मध्ये इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे असतो. सांधा चिकटला असेल तर लाकडाच्या तुकड्यावर हलके ठोके द्या. दोन भागांच्या मध्ये पेचकस घालून उचकटू नका, तिथली सपाटी खराब होते.

सरकताना गिअरबॉक्सची पातळी इंजिनाशी एकरेषेत राहिली पाहिजे. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटमध्ये अडकलेला असताना गिअरबॉक्सचं वजन त्यावर लोंबलं तर प्लेट वाकते आणि शाफ्टलाही इजा होते. शाफ्ट पूर्ण बाहेर आला की मगच जॅक खाली घ्या.

उघड्यावर काय पाहायचं

इथे घाई करू नका. बेलहाउसिंगच्या आतली धूळ कोरडी आणि काळी असेल तर ती क्लचची. ओली, तेलकट असेल तर ते तेल कुठून आलं याचा माग काढा. फ्लायव्हीलच्या मागे, क्रँकशाफ्टच्या टोकाभोवतीचं सील गळत असेल किंवा त्याच्या खालच्या आयएमएसच्या झाकणाकडून तेल येत असेल. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सीलही गळू शकतं, त्याचा वास वेगळा, उग्र गंधकासारखा असतो.

फ्लायव्हील अडवा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट थोडे थोडे, समोरासमोरचे असे सैल करत जा. क्लच प्लेट खाली पडेल, हात धरून ठेवा. मग फ्लायव्हीलचा पुढचा भाग हाताने दोन्हीकडे पिळून पाहा. स्प्रिंगचा विरोध जाणवला पाहिजे आणि सोडल्यावर तो जागेवर परत आला पाहिजे. ढिला, खडखडणारा, ग्रीस बाहेर आलेला किंवा निळे-जांभळे डाग आणि भेगा पडलेला असेल तर बदला. हे फ्लायव्हील लेथवर घासून पुन्हा वापरण्याच्या भानगडीत पडू नये.

हलक्या एकसंध फ्लायव्हीलबद्दल नेहमी विचारलं जातं. त्याने इंजिन झटकन चढतं, हे खरं. पण या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला पुलीच्या टोकाला कंपन शोषणारा डॅम्पर नाही, आणि दोन वजनांचं फ्लायव्हील ते काम बऱ्याच अंशी करतं. रस्त्यावर चालवायच्या गाडीत मी मूळ प्रकारचंच बसवेन.

फ्लायव्हील काढण्याआधी त्याच्या आणि क्रँकशाफ्टच्या कडेवर रंगाने खूण करा. शेवटचा बोल्ट काढताना दोन्ही हात त्याखाली असू द्या.

आयएमएस बेअरिंग: निर्णयाची जागा

फ्लायव्हील निघालं की खाली तीन बोल्टचं एक गोल झाकण दिसतं. त्याच्यामागे इंटरमिजिएट शाफ्टचं बेअरिंग असतं. क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टच्या चेनकडे ताकद नेणारा हा शाफ्ट. त्याचं बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद, आतल्या ग्रीसवर चालणारं. ग्रीस संपलं, बेअरिंग मोकळं झालं की चेन जागा सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. त्यानंतर इंजिन सहसा दुरुस्त करण्याच्या लायकीचं राहत नाही. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगांचं बेअरिंग होतं, २००० च्या सुमारास एका रांगेचं आलं आणि तेच जास्त बदनाम आहे. २००१ ते २००५ या काळातल्या गाड्यांवरून अमेरिकेत मालकांचा सामूहिक दावा होऊन समझोताही झाला.

मागच्या मालकाने हे बेअरिंग बदलल्याची पावती तुमच्याकडे नसेल, तर मी याच वेळी बदलण्याच्या बाजूने आहे. एलएन इंजिनिअरिंगसारख्या कंपन्यांचे बदली संच आणि त्यांची खास हत्यारं मिळतात. पण हे काम क्लचच्या पुढच्या इयत्तेचं आहे. आधी इंजिनाचं तेल काढून फिल्टर उघडून पाहा. घड्यांमध्ये चमकणारा चुरा भरलेला असेल तर नवं बेअरिंग घालून इंजिन वाचत नाही, त्याची आतून तपासणी लागते. फिल्टर स्वच्छ असेल तर पुढे जा. क्रँकशाफ्ट टॉप डेड सेंटरवर (पिस्टन सगळ्यांत बाहेरच्या टोकाला असतो त्या जागी) पिनने अडवलेला, कॅमशाफ्ट अडवलेले आणि चेनचे टेन्शनर सैल केलेले, हे तिन्ही झाल्याशिवाय त्या तीन बोल्टना पाना लावायचा नाही. तसं न करता झाकण ओढलं तर शाफ्ट खाली बसतो, चेन दात सोडते आणि टायमिंग जातं. हा भाग स्वतः करायचा नसेल तर त्याच जागी काम करायला येणारा अनुभवी मेकॅनिक शोधा. त्याला गिअरबॉक्स आधीच खाली काढून ठेवलेली गाडी मिळते, त्यामुळे मजुरी बरीच कमी पडते.

क्रँकशाफ्टचं सील मात्र प्रत्येकाने बदलावं. जुनं काढताना क्रँकशाफ्टच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडा उठता कामा नये. नवं सील पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) असतं. ते कोरडंच बसवायचं, त्याला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. ते वाकडं किंवा कमीजास्त खोल बसलं तर नवीन असूनही गळतं, म्हणून त्याचं बसवायचं हत्यार भाड्याने आणा.

नवा क्लच

क्रँकशाफ्टच्या टोकाची सपाटी आणि बोल्टची भोकं ब्रेक क्लीनरने साफ करा. फ्लायव्हील खुणेला खूण जुळवून बसवा. नवे बोल्ट, समोरासमोरच्या क्रमाने, आधी २५ न्यूटन-मीटर आणि मग प्रत्येकाला आणखी १२० अंश. अंश अंदाजाने मोजू नका. जुनं पायलट बेअरिंग पुलरने ओढून नवं सरळ ठोकून बसवा, ठोका फक्त बाहेरच्या कडेवर.

फ्लायव्हीलचा आणि प्रेशर प्लेटचा चेहरा ब्रेक क्लीनरने पुसा. नव्या प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो गेला पाहिजे. क्लच प्लेटच्या कापडी भागाला ग्रीसचं बोट लागू देऊ नका. हातमोजे नवे चढवा. प्लेट कोणत्या बाजूने लावायची हे बहुधा तिच्यावर छापलेलं असतं. जर्मन प्लेटवर ‘गेट्रीबेझाइटे’ दिसलं की ती बाजू गिअरबॉक्सकडे.

मध्यात आणायचा दांडा प्लेटमधून पायलट बेअरिंगपर्यंत घाला, प्रेशर प्लेट ठेवा आणि बोल्ट चांदणीच्या क्रमाने एकेक फेरा आवळत जा. शेवटी २३ न्यूटन-मीटर. मग दांडा ओढून पाहा. तो सहज बाहेर आला आणि सहज आत गेला तर प्लेट मध्यावर आहे. अडकला तर बोल्ट सैल करून पुन्हा बसवा. इथली दहा मिनिटं पुढचे दोन तास वाचवतात.

गिअरबॉक्सच्या बाजूला रिलीज बेअरिंग, फोर्क आणि टेकूची वाटी बदला. इनपुट शाफ्टच्या दातांवर ग्रीसचा अगदी पातळ लेप द्या आणि जास्तीचं पुसून टाका. जास्त ग्रीस फिरताना उडून क्लच प्लेटवर जातं.

गिअरबॉक्स परत वर

चढवताना फोर्क टेकूवरून घसरतो आणि बेअरिंग तिरकं बसतं, हा इथला नेहमीचा त्रास. स्लेव्ह सिलिंडरच्या भोकातून तार किंवा प्लास्टिकची पट्टी घालून फोर्क जागेवर बांधून ठेवा, गिअरबॉक्स बसल्यावर ती ओढून काढा.

गिअरबॉक्स एका गिअरमध्ये टाका. जॅकने वर घेऊन इंजिनाच्या सपाटीशी समांतर आणा. वर, खाली, दोन्ही बाजूंना फट सारखी दिसली पाहिजे. शाफ्ट प्लेटला टेकला की एका बाजूचा फ्लँज जोडीदाराने घट्ट धरावा आणि दुसरा तुम्ही हळूहळू फिरवावा. दोन्ही मोकळे ठेवले तर डिफरन्शियलमुळे दुसरा फ्लँज उलटा फिरतो आणि इनपुट शाफ्ट जागचा हलत नाही. दात जुळले की गिअरबॉक्स इंजिनाकडे सरकतो.

शेवटची फट हातानेच मिटली पाहिजे. बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेणं सक्त मना. फट राहत असेल तर काहीतरी अडलं आहे: मार्गदर्शक पिन, चिमटलेली वायर, मध्यावर नसलेली प्लेट. गिअरबॉक्स इंजिनापासून दूर घ्या, पाहा, पुन्हा या. बोल्टच्या जोरावर ओढल्याने बेलहाउसिंगचे कान तुटतात.

दोन्ही सपाट्या टेकल्यावर बोल्ट पुठ्ठ्यावरून आपापल्या जागी घाला, सगळे हाताने सुरू करा, मग मॅन्युअलप्रमाणे आवळा. पुढचा माऊंट लागेपर्यंत इंजिनाखालचा जॅक हलवू नका.

स्लेव्ह सिलिंडर बसवताना त्याचा दांडा फोर्कच्या खळग्यातच टेकला पाहिजे. आतली स्प्रिंग जोर करते, त्यामुळे बोल्टचा पहिला आटा धरणं कठीण जातं. हवा काढायची निपल थोडी सैल केली की पिस्टन आत जातो. निपल उघडल्यामुळे नंतर हवा काढावी लागेल, पण फ्लुइड तर बदलायचंच आहे. ड्राइव्ह शाफ्टचे बोल्ट ८१ न्यूटन-मीटर, केबल फोटो पाहून, तेल भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत. शेवटी अंडरट्रे.

पहिली फेरी

गाडी स्टँडवर असतानाच क्लच पेडल दहा-वीस वेळा दाबा आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. बॅटरी जोडा. २००० च्या सुमारास आलेल्या, इलेक्ट्रॉनिक एक्सिलरेटरच्या गाडीत इग्निशन मिनिटभर चालू ठेवा, एक्सिलरेटरला पाय लावू नका, मग दहा सेकंद बंद करा. खिडक्यांना त्यांची शेवटची जागा पुन्हा शिकवावी लागते: काच पूर्ण वर नेऊन बटण थोडा वेळ धरून ठेवा.

चाकांचे बोल्ट १३० न्यूटन-मीटर, गाडी जमिनीवर आल्यावर. घराच्या आसपासच चक्कर मारा, परत या, टॉर्च घेऊन खाली पाहा. तेलाचा थेंब, फ्लुइडची ओल, घासल्याचा वास, यांतलं काही दिसलं तर अंडरट्रे काढून शोधा.

नव्या क्लचचे पहिले काही शेकडो मैल शहरातल्या साध्या चालवण्याचे असू द्या. चढावर क्लचवर गाडी धरून ठेवणं नाही, सिग्नलवरून सुसाट सुटणं नाही. शंभर मैलांनंतर चाकांचे बोल्ट पुन्हा तपासा आणि बेलहाउसिंगच्या खालच्या भोकातून ओल येत नाही ना ते पाहा. काय बदललं, कोणत्या दिवशी आणि किती मैलांवर, याची नोंद पावत्यांसह गाडीच्या फाइलमध्ये लावा. ९९६ विकत घेणारा माणूस पहिला प्रश्न आयएमएसबद्दलच विचारतो.